तिसरा पट्टा

"हल्ली रंगसुद्धा भेसळीचे! सगळे पट्टे चहात बुडवून काढल्यासारखे," सासरे रेझिस्टर नाकाशी धरून पुटपुटले. त्यांच्या टेबलाला लागूनच माझं शिलाई मशीन, त्यामुळे त्यांची कुरकुर आधी माझ्या कानावर पडते.

रेडिओ दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रेझिस्टर वीज किती अडवतो, ते त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं: तपकिरी म्हणजे एक, काळा शून्य, तांबडा दोन. तिसरा पट्टा सांगतो, पुढे शून्यं किती. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. मीटर लावून मोजणाऱ्यांना ते हसायचे, "मीटर आंधळ्यांसाठी!" त्यामुळे आता घरात मीटरचं नाव काढायची सोय उरली नव्हती. मीच गुपचूप रेझिस्टर निवडून डबीच्या कप्प्याकप्प्यांत ठेवायचे. कप्पा ठरलेला, हात बरोबर पडायचा. झाकली मूठ.

आज त्यांची थोरली बहीण, आत्या, रेडिओ घेऊन आली होती. एकटीच्या घरात तेवढाच एक बोलणारा. मागच्या दुरुस्तीच्या वेळी, मी माहेरी असताना, त्यातून धूर निघाला होता. पुन्हा जळला तर थेट भंगारात.

कप ठेवताना आत्याच्या कोपराने डबी आडवी झाली. सगळे कप्पे एकमेकांत.

"माझं मेलं कोपर!"

"असू दे गं ताई. हजाराचा हवाय, हा काय." त्यांनी ढिगातून एक उचलला.

तपकिरी, काळा आणि तिसराही तपकिरीच. शंभराचा! माझं मशीन थांबलं.

"बाबा, दुसरा देऊ? याची तार वाकडी आहे."

"तार सरळ करता येते. तू आपला दोरा बघ." त्यांनी तो जोडायला तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी आत्याकडे.

"बाळ," आत्या म्हणाली, "रेडिओ काही पळून जात नाही. उद्या कर."

"आज सगळ्यांना त्याची एवढी दया का येतेय?"

त्यांनी रेझिस्टर खिडकीकडे धरला. चष्मा वर केला, खाली केला. मग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि रेझिस्टर माझ्या तळहातावर.

"वाच."

"तपकिरी, काळा..."

"तिसरा?"

"तपकिरी."

"मी तांबडा धरून चाललो होतो." ते आत्याच्या रेडिओवरून हात फिरवत राहिले. "रंग दिसत नाहीत गं मला आता."