व्हर्नाचा कोरडा खोकला

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात व्हर्ना झ्विकरला आणलं तेव्हा तिला एक वाक्यही धड पुरं करता येत नव्हतं. वय बहात्तर, लुनेनबर्गच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी विधवा. आठवडाभर प्रतिजैविकं दिली, हृदय तपासलं. सगळं ठीक, पण रक्तातला प्राणवायू मात्र रोज खाली.

निवृत्तीला आलेल्या ओडेट कोमो या परिचारिकेनं तिला संडासापर्यंत चालवत नेलं आणि बोटाला लावलेल्या मापकावरचा आकडा ब्याऐंशीवर आला. कोरडा खोकला, छाती ऐकावी तर जवळपास स्वच्छ. सत्याऐंशी साली याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर ओडेटनं असाच खोकला ऐकला होता, पंचविशीतल्या पोरांचा.

"डॉक्टर, एचआयव्ही तपासा," ती तरुण डॉक्टर प्रुइटला म्हणाली.

"काहीतरीच काय! चर्चमधल्या आजी आहेत त्या."

"म्हणून काय त्यांना प्रेम करायला बंदी होती?"

प्रुइट कानापर्यंत लाल झाला. पण गेला, व्हर्नाला विचारून रक्त घेतलं. तपासणीत विषाणू सापडला. फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात, त्यानं प्रतिकारशक्ती खचवल्यामुळं वाढलेली बुरशीही. योग्य औषधं सुरू झाली आणि पाचव्या दिवशी व्हर्नानं चहा मागितला.

"रसेल असणार," ती ओडेटला आपणहून म्हणाली. "नवरा गेल्यावर दोन हिवाळे माझ्यासोबत होता. फिडल वाजवायचा. शनिवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये मला इतकं नाचवायचा की गुडघे सुजायचे. गेला तो मागच्या वर्षी. न्यूमोनिया, म्हणाले."

"राग येतो?"

"येतो. आणि आठवणही येते मेल्याची." तिनं डोळे पुसले. "तुम्ही कसं ओळखलंत हो?"

ओडेट खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या एड्सच्या त्या पोरांपैकी लिओ नावाचा केप ब्रेटनचा एकजण तिला स्वयंपाक शिकवायचा, पलंगावरून, धापा टाकत, तिनं घरून करून आणलेलं चाखून. "मीठ कमी घाल, ओडेट, तू काय समुद्र शिजवतेस?" त्या मजल्यावर सगळ्यात जास्त हसू त्याच्याच खोलीतून यायचं. त्याच्यासाठी तेव्हा औषध नव्हतं.

"काय शिकवलं त्यानं?" व्हर्नानं विचारलं.

"माशाचं कालवण."

"सांगा की. सगळं सांगा, मला कुठं जायचंय?"

ओडेटनं ड्युटी संपल्यावरही घरी जायला कोट घातला नाही, सांगतच राहिली.