ऐप्पसीतलं ऊन

डॉक्टरसाहेब, ऐप्पसी महिन्यात, आमच्याकडच्या ऐन पावसाळ्याच्या झडीत, अंगणात घोट्याएवढं पाणी असताना, नल्लसामी गौंडराच्या शेडमधल्या नऊशे कोंबड्या उन्हाने मेल्या, असं तुम्ही लिहून दिलंत. शिक्क्यासकट. कुठलं हो ऊन?

गौंडराच्या घरची रीत अशी, की मेलेली कोंबडी पुरायची नाही. गावाबाहेरच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या बायांना द्यायची. मालकीण पूंगोडी ती मागच्या दारातून वरून टाकी, विटाळ नको म्हणून. त्या बायांतली करुप्पायी ती पदरात झेली. याच करुप्पायीच्या हातांनी बारा वर्षं शेडमधली अंडी गोळा झाली. ती अंडी मात्र घरात चालायची.

त्या सकाळी करुप्पायी म्हणाली, "अम्मा, कोंबड्या माना ताणून श्वास घेतायत. शिट्टीसारखा आवाज येतोय. पिंजऱ्याच्या तारेला रक्त लागलंय."

"तू कधी डॉक्टर झालीस गं? घे आणि चालती हो."

सात कोंबड्या पदरात पडल्या. त्यांची पिसं, आतडी वस्तीच्या उकिरड्यावर गेली, आणि तिथे करुप्पायीच्या स्वतःच्या कोंबड्या उकरत होत्या.

दुपारी तुम्ही कोंबड्या तपासायला आलात. कॉफी संपवून म्हणालात, "साथ आहे, गौंडर. पण तसं लिहिलं तर अंड्यांच्या गाड्या थांबतील, साऱ्या शेजाऱ्यांना लस टोचायला कळवावं लागेल. ऊन लिहितो."

पूंगोडीने दाराआडून ऐकलं.

"निदान माझ्या भावाला तरी सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

"जिभेला हाड आहे का तुझ्या? अंडी जाऊ देत आधी."

अंडी गेली. रिकामे ट्रे न धुताच तिच्या भावाच्या शेडवर पोचले. बाराव्या दिवशी तिथेही शिट्ट्या सुरू झाल्या.

मग गौंडराच्या ओसरीवर शेडमालकांची बैठक बसली. तुम्हीही होतात. ठरलं काय? रोग वस्तीतल्या कोंबड्यांनी आणला. त्या सगळ्या मारायच्या, आणि वस्तीतल्या कुणाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही.

करुप्पायी पावसात उभी होती, काखेत टोपली. "अय्या, माझ्या चौदांतली ही एकच जगली. पोटावर मारू नका."

"उकडून खा की! फुकटचं खायची सवय आहेच," कुणीतरी म्हणालं. ओसरी हसली.

कॉफीचे पेले घेऊन आलेली पूंगोडी तिथेच थबकली. तिला आपलाच हात दिसला, वरून मेलेली कोंबडी सोडणारा. तिने पेले खाली ठेवले.

"रोग आमच्या शेडमधून गेला. वस्तीत मी दिला, या हाताने. भावाकडे आमच्या ट्रेमधून गेला."

"पूंगोडी, आत हो!"

"आत जाते. पण हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हेही ऐका. मीच हिला हाकललं."

तिचा भाऊही बैठकीला होता. त्याने हळूच विचारलं, "आणि तो उन्हाचा कागद?"

सगळे तुमच्याकडे वळले. तुम्ही छत्री शोधत होतात.

दुसऱ्या दिवशी खड्डे खणले, चुना पडला, फाटकं बंद झाली, ट्रे औषधाच्या पाण्यात बुडाले, निरोगी शेडांत लस आली. पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं ते. चुन्याची पाटी पूंगोडीने करुप्पायीच्या हातात द्यायला पुढे केली. करुप्पायी मागे सरली.

"खाली ठेवा, अम्मा. बारा वर्षं वरून झेललंय. हातातून घ्यायला जमत नाही."

पूंगोडीला मान वर करता आली नाही. तिने निदान मान तरी खाली घातली. तुमची छत्री सापडली असेल, साहेब. आता बोला. कुठलं ऊन?