छापील सही आणि ओला अंगठा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे आणि मला माणसांची किळस येते. जुनी छत्री, जुने घड्याळ, जुनी खुर्ची आपली कहाणी किती गोड सांगतात, ते तुम्ही वाचले असेल. त्यांचे ठीक आहे. त्यांना कोणी डोळ्याला लावत नाही. मला लावतात. पापण्यांचा चिकटपणा, नाकावरचा घाम, मोहरीचा सॉस पुसलेली बोटे, तंबाखूचा भपकारा, हे सगळे माझ्या वाट्याला रोज येते आणि तेही दहापट मोठे होऊन. तेव्हा माझ्या तोंडी गोड भाषा आली नाही तर रागावू नका.

मी अंगठ्याएवढे आहे. पोलादी कवचात माझी काच बसवली आहे आणि खिळ्यावर फिरवून ती बाहेर काढता येते. कारखान्यातून निघाले ते थेट पेन्सिल्व्हेनियातल्या एका गावच्या छापखान्यात आले. तिथे मर्ल हॉस्टेटर नावाचा तरुण कामगार होता. मशीनमधून ओला कागद निघाला की तो मला डोळ्याला लावून छपाई तपासायचा. तुम्हाला जे हसरे गाल, हिरवे मैदान, निळे आकाश दिसते, ते मला कधीच दिसले नाही. मला दिसायचे ते चार रंगांचे ठिपके. सगळी छापील सुंदरता म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांग, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले.

१९५३ साली त्या छापखान्याकडे बेसबॉल खेळाडूंची कार्डे छापण्याचे काम आले. च्युइंगमच्या पाकिटात घालून ती मुलांना विकायची होती. प्रत्येक खेळाडूने पांढऱ्या कागदावर एकदाच सही करून पाठवली होती. त्या सहीचा फोटो काढायचा आणि ती चित्रावर काळ्या रंगात छापायची. एक सही, लाखभर कार्डे. घरोघरी मुले म्हणायची, त्याने माझ्यासाठी सही केली! त्यातलेच एक कार्ड होते आमच्याच भागातल्या रॉय लॅन्ट्री या डावऱ्या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे. ते मर्लने स्वतः छापले आणि मी तपासले. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

पुढे छापखाना बंद पडला. मर्लने मला खिशात टाकले. चोरलेच म्हणा. धुलाईच्या दुकानाशेजारी त्याने जुन्या कार्डांचे दुकान काढले, मला बुटाची नाडी बांधली आणि गळ्यात घातले. मी कबूल करते, ती वर्षे बरी गेली. मर्लला सही ओळखता यायची. तो मुलांना दाखवायचा, "हे बघ, छापील रेघ कशी मेलेली असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच काळी. कार्ड तिरकं धर, ती चमकत नाही. दुसरं कार्ड शेजारी ठेव, केसाचाही फरक नाही. आता ही खरी सही बघ. रेघ जिथे रेघेवरून गेलीय तिथे शाई दाट झालीय. हात थांबला तिथे थेंब साचलाय. निबाच्या दोन बाजूंच्या दोन कडा दिसतात." पंचक्रोशीतले लोक म्हणायचे, मर्लच्या भिंगाखालून खोटे सुटत नाही. मलाही ते ऐकून बरे वाटायचे.

पण मर्लला एक घाणेरडी सवय होती. एखाद्याला पटले नाही की तो अंगठा जिभेवर फिरवायचा आणि कार्डावर घासायचा. "बघ, निघाली का? नाही ना? मग छापील!" लोक हसायचे. मला मात्र त्याचा अंगठा जवळून दिसायचा. त्यावर थुंकीचा फेस असायचा आणि कधी दुपारच्या सँडविचचा कणही. मला आवाज असता तर मी किंचाळले असते.

मग ड्वेन आला. रविवारी अग्निशमन दलाच्या सभागृहात कार्डांचा बाजार भरायचा आणि मर्ल आणि ड्वेन तिथे एकच टेबल मांडायचे. ड्वेन गोडबोल्या होता. मर्ल मला टेबलावर काढून ठेवून जेवायला गेला की तो मला उचलायचा, टेबलाखाली छापील सहीचे कार्ड धरायचा आणि बारीक मार्करने त्या छापील रेघेवरूनच रेघ ओढायचा. वर शाईची चमक, खाली छापील आकार. कार्ड तिरके धरले की चमकायचे. मुले फसायची, त्यांचे बापही फसायचे. खोटे पकडण्यासाठी माझा जन्म झाला आणि खोटे नीट जमावे म्हणून मला वापरले! ती थरथरती, जागोजागी अडखळणारी रेघ माझ्यातून वाकून बघणाऱ्या त्या पाणचट डोळ्यासमोर पुढे सरकत असे. आजही आठवले की माझ्या काचेवर वाफ धरते.

मर्लला कळले तेव्हा त्याने ड्वेनला सगळ्यांसमोर टेबलावरून हाकलले. ते चांगलेच केले. पण त्यानंतर त्याचे मन आंबले. दुकानात त्याने पाटी लावली: "छापील सहीवर शाई असेल तर कार्ड दाखवूही नका." कोणी तसे कार्ड आणले की बघायच्या आधीच त्याचा चेहरा वाकडा व्हायचा. मित्रांनो, फसणारा माणूस मला आवडत नाही. पण एकदा फसला म्हणून बघायचेच सोडून देणारा माणूस मला त्याहून जास्त शिसारी आणतो.

१९८८ च्या शरद ऋतूत रोझॅन पालुख दुकानात आली. ती शाळेच्या भोजनगृहात जेवण वाढायची. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, आवाज खणखणीत. तिने कागदी रुमालात गुंडाळलेले एक कार्ड काउंटरवर ठेवले.

"मिस्टर हॉस्टेटर, मला विकायचं नाहीये. खरी सही की छापील, एवढंच सांगा."

मर्लने पाटीकडे बोट केले.

"वाचली. मला वाचता येतं. तरी बघा."

मर्लने कार्ड उलगडले आणि हसला. "रॉय लॅन्ट्री! अगं रोझॅन, हे कार्ड मी छापलंय. या हातांनी. सहीसकट."

"ते खरंच हो. पण माझ्या पपांचं ऐका आधी."

तिचे वडील ओंद्रे पालुख. गावात त्यांना सगळे ओंडी म्हणत. ते पावाची गाडी चालवत आणि बिले लिहायला खिशात शाईचे पेन ठेवत. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात अग्निशमन दलाच्या सहलीला लॅन्ट्री आला होता. ओंडीने त्याच्यापुढे कार्ड आणि पेन धरले. लॅन्ट्री कार्ड बघून हसला आणि म्हणाला, "सही तर आधीच झालीय की! बरं, गिरवतो." आणि त्याने छापील सहीवरच सही केली.

"पुढच्या शनिवारी पपांनी ते लिओच्या केशकर्तनालयात दाखवलं," रोझॅन म्हणाली. "लिओने ड्रॉवरमधून स्वतःचं कार्ड काढलं. तीच सही, त्याच जागी. सगळे खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले. त्या दिवसापासून पपांचं नाव 'छापील ओंडी'. पपांनी टोपी उचलली ती उचललीच, परत तिथे पाऊल टाकलं नाही. पस्तीस वर्षं झाली, त्यांचे केस मी कापते. स्वयंपाकघरात, टेबलाजवळ बसवून."

"वाईट झालं," मर्ल म्हणाला. पण त्याच्या आवाजात वाईट वाटल्यासारखे काही नव्हते.

"आता ते टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहेत. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. काल मला म्हणाले, रोझी, आता मलाच वाटायला लागलंय की मी खोटं बोललो असेन. त्यांना असंच जाऊ द्यायचं का, तेवढं सांगा."

मर्लने मला डोळ्याला लावले. मी पाहिले, मित्रांनो. खाली मेलेली काळी छापील रेघ होती, मी पस्तीस वर्षांपूर्वी तपासलेली. तिच्यावर निळसर काळी शाई होती, निबाच्या दोन कडांसकट. ती थरथरत नव्हती, अडखळत नव्हती, एका दमात गेली होती. आणि शेवटच्या अक्षराची शेपटी छापील रेघ सोडून बाहेर पडली होती, कारण जिवंत माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही. हे सगळे माझ्या काचेत होते. पण मर्लचा डोळा पहिल्या अक्षरावरच थांबला. त्याला स्वतःची छपाई दिसली, तिच्यावर शाई दिसली, ड्वेन आठवला. त्याने मला खाली सोडले.

"छापील आहे. वरून कुणीतरी मार्कर फिरवलाय."

"नीट बघा ना!"

"नीट बघायचंय? हे घे, तूच बघ. छापलेलं निघत नाही आणि मार्करही निघत नाही."

आणि त्याने अंगठा जिभेवर फिरवला. मी नाडीला लटकत होते. मी काय करणार? त्याने तो ओला अंगठा सहीवर दाबला आणि घासला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरातच. मग रोझॅनला दाखवायला अंगठा वर केला.

अंगठा निळा झाला होता.

शेजारच्या दुकानातली धुलाईची यंत्रे घरघरत होती. मर्ल अंगठ्याकडे बघत राहिला. कार्डावर छापील सही जशीच्या तशी होती, मेलेली आणि काळी. तिच्याभोवती निळा फरकाटा उठला होता.

"म्हणजे खरी होती," रोझॅन म्हणाली.

"होती," मर्ल म्हणाला.

"आणि तुम्ही पुसलीत."

"हो."

मला वाटले ती रडेल. ती रडली नाही. तिने कार्ड रुमालात गुंडाळले आणि म्हणाली, "दुकान बंद करा. हे त्यांना तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

वृद्धाश्रमात उकडलेल्या कोबीचा आणि औषधांचा वास होता. ओंडी खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. डोक्यावरचे उरलेसुरले पांढरे केस एका कानावर लांब आणि दुसऱ्यावर आखूड होते. मर्लने टोपी काढली आणि सगळे एका दमात सांगून टाकले. काही लपवले नाही, तेवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

ओंडीने हात पुढे केला. "ते भिंग दे."

त्याने मला मर्लच्या अंगठ्यावर धरले. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पापण्यांवर कोरडे कण होते. तरी सांगते, माझ्या आयुष्यात मला शिसारी न आणणारा तो एकच डोळा. तो घाई करत नव्हता. अंगठ्याची प्रत्येक रेघ त्याने पाहिली.

"माझीच शाई," तो म्हणाला. "कडेला जरा हिरवट मारते. पावाच्या बिलांवर हीच असायची." मग त्याने कार्ड मागितले आणि कोपऱ्यापर्यंत मला फिरवले. "ए रोझी, शेपटी राहिलीय बघ. ही तुझ्या हॉस्टेटरने छापलेली नाही."

"नाही," मर्ल म्हणाला. "मी फार मोठी चूक केली, मिस्टर पालुख. काय करू सांगा, मी करतो."

"अंगठा धुऊ नकोस. आधी लिओला बोलाव."

लिओ ऐंशीचा झाला होता, तरी शनिवारी दुकान उघडायचा. तो आला तो हातात कातडी पिशवी घेऊनच. त्याने मला डोळ्याला लावले आणि कांद्याचा उग्र वास माझ्यावर फेकत आधी अंगठा आणि मग शेपटी पाहिली. मला वाटले, आता हा हसण्यावारी नेणार. माणसे नेहमी तेच करतात.

त्याने मला टेबलावर ठेवले आणि ओंडीच्या डोक्याकडे बघितले.

"हे कुणी भादरलंय?"

"पोरीने. पस्तीस वर्षं. तुझ्यामुळे."

लिओने पिशवी उघडली. पांढरे कापड झटकून ओंडीच्या गळ्याभोवती बांधले, कंगवा घेतला, कात्री घेतली.

"मान सरळ ठेव, ओंडी," तो म्हणाला.

नुसता ओंडी. छापील नाही. खोलीत कात्रीचा आवाज सुरू झाला आणि रोझॅन तेव्हा रडली.

तीन आठवड्यांनी ओंडी गेला. दोन्ही कानांवर केस सारखे होते. ते कार्ड आता लिओच्या आरशाशेजारी काचेत लावलेले आहे. लोक विचारतात, हा निळा डाग कसला? मग लिओला सगळी गोष्ट सांगावी लागते आणि तीत तो स्वतः कसा वागला तेही सांगावे लागते. मर्लने दुकानातली पाटी काढली. अंगठा त्याने त्याच दिवशी संध्याकाळी धुतला, पण नखाच्या कडेला निळी रेघ बरेच दिवस राहिली होती. कोणी सही दाखवायला आले की तो मला डोळ्याला लावायचा आणि ती रेघ बाजूला माझ्या काचेत यायची. तो बघायचा, थांबायचा आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायचा.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मऊ फडक्याने आठवड्यातून एकदा पुसलेत तरी मला पुरे. एवढेच करा की भिंग डोळ्याला लावलेत तर शेवटच्या अक्षराच्या शेपटीपर्यंत बघा. दहा जण खोटे निघाले म्हणून अकराव्याला न बघताच खोटे ठरवू नका. आणि अंगठा तोंडाकडे न्यायची सवय लहानपणीच सोडा. मर्लने ती साठाव्या वर्षी सोडली, पण तोवर सही पुसून गेली होती.