मिरचीची शिंक

मगनभाईला रक्ताचा कॅन्सर होऊन दोन वर्षं झाली, तरी त्याचं तोंड काही बंद नव्हतं. फ्लूची लस घेतल्यावर ना ताप आला, ना दंड दुखला, तर "आपलं हाडच दणकट" म्हणत तो नंदुरबारभर फुशारकी मारून आला.

डॉक्टरांनी हवा काढली. "ताप येण्या-न येण्यावर काही नसतं. लसीवरून लढायला शिकणाऱ्या पेशीच तुमच्या आजारानं बिघडवल्यात. लस घ्यायची, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही. शिंकणाऱ्यांपासून लांब राहा, सोबतच्यांना लस घ्यायला लावा."

शिंकणाऱ्यांपासून लांब! मगनभाईची जिंदगी मिरची वाळवायच्या मैदानात, पथारीवर गेलेली, तिथं माणसं सकाळपासून शिंकतात. फ्लूची शिंक कोणती आणि मिरचीची कोणती, कळायचं कसं? आणि घरी बसून तर तो आधीच मेला असता.

पथारीवरच्या सगळ्यांनी लस घेतली. राहिला भागीदार योगेंद्र. सुई दिसली की गडी पसार.

"बिमारी तुले शे मगनभाऊ, सुई माले कसाले?"

"बरं. मी घर बसस मंग. व्यापारीसले भाव तूच सांग."

योगेंद्र भाव करण्यात अगदीच कच्चा. दुसऱ्याच दिवशी डोळे गच्च मिटून टोचून आला.

पंधरा दिवसांनी मगनभाई मास्क लावून पथारीवर खाटेवर बसला. योगेंद्रला जोरात शिंक आली. सगळ्यांच्या माना मगनभाईकडे वळल्या.

"मिरचीनी शे," मगनभाई ऐटीत म्हणाला, आणि खाट चार हात मागे ओढली.