सृष्टीचा अंगठा

अभिमन्यूला टाळायला दाक्षायणीबाईंनी आठवडाभर काय काय सोंगं केली. एकदा मोबाइल घरी राहिला, एकदा चार्जिंग संपलं, एकदा तर त्याला येताना बघून बाई सरळ जिन्यानं खाली सटकल्या. पण कॉम्प्युटर विभागातला तो गडी चिवट. शुक्रवारी दुपारी टेबलापाशी येऊन उभाच राहिला.

सात रस्ता चौकाजवळच्या त्यांच्या टॉवेलच्या कंपनीत नवा नियम निघाला होता. ज्याच्या मोबाइलवर ऑफिसचं ईमेल, त्याचा मोबाइल फक्त त्याच्याच बोटानं उघडला पाहिजे. परदेशी गिऱ्हाइकांचे सगळे मेल बाईंच्या मोबाइलवर येत, त्यामुळे सुटका नव्हती.

"मॅडम, हितं दोन ठसे हायत की," अभिमन्यू म्हणाला. "ही सृष्टी कोण?"

"लेक."

"काढावा लागंल. न्हायतर पाच वाजता तुमचं मेल बंद."

कॉलेजात असताना सृष्टीनंच तो अंगठा आईच्या मोबाइलमध्ये घालून ठेवला होता. न विचारता मोबाइल उचलायची आणि फोटो बघत लोळायची. दोन वर्षांपूर्वी ठरत आलेलं लग्न मोडून ती पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत निघाली, तेव्हा बाई तोंडाला येईल ते बोलल्या. गेलीस तर परत येऊ नको, हेही. पोरीनं ते तंतोतंत पाळलं. हट्टात आईवरच गेलेली. ना फोन, ना निरोप. पण अंगठा घरात होता. कधीतरी ती येईल, कॉटवरचा मोबाइल न विचारता उचलेल आणि तो उघडेल, एवढ्या आशेवर बाई दिवस काढत होत्या. हे अभिमन्यूला कुठल्या तोंडानं सांगणार?

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. नाव गेलं. बाईंनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "घरी दुसरा मोबाइल असंल तर त्यात घ्या की. फक्त ताईंना समोर बसावं लागंल."

तो गेला आणि बाई गॅलरीत आल्या. नंबर तोंडपाठ होता, दोन वर्षांत लावला तेवढा नव्हता.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, आणि बाईंनी जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठं गेलं.

"ऑफिसचा नवा नियम हाय," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "मोबाइलमधी तुझा अंगठा पायजे म्हणत्यात. तू स्वतः आल्याबिगर जमत न्हाय."

सृष्टीचं पुण्यातलं कामच असले नियम लावायचं. आईच्या मोबाइलमध्ये लेकीचा अंगठा मागणारी कंपनी कुठंच नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी तिनं विचारलं, "उजवा लागतो का डावा?"