नागपूरच्या बत्त्या

दिवस मावळला की मुखरूला दिसेनासं व्हायचं. दोन पावसाळे झाले असतील या गोष्टीला. चांद्यात ती दोघांनाच माहीत होती, एक त्याची बायको मनकर्णा आणि दुसरा त्याच्या ट्रकवरचा क्लीनर सुकलू. मनकर्णाला घरातच कळलं. संध्याकाळी जेवायला बसला की तो ताटातली भाजी बोटांनी चाचपायचा. सुकलूला रस्त्यावर कळलं, समोर पडलेलं झाड मुखरूने पाहिलंच नाही तेव्हा.

ट्रक लढाईतला होता. लढाई संपल्यावर सरकारने लिलावात काढला आणि चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराने घेतला. पुढच्या बत्त्या वाटीएवढ्या, त्यांच्यावर पत्र्याची झापडं, विमानातून दिसू नयेत म्हणून बसवलेली. उजेड जरासा पुढे जाऊन मातीतच जिरायचा. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलात सागाची तोड चालायची. लाकडं भरता भरता दुपार टळायची आणि ट्रक निघेपर्यंत सूर्य झाडांमागे गेलेला असायचा. मग सुकलू मुखरूच्या बाजूला पुढे सरकून बसायचा.

"डावीकडं घे भाऊ. आता वळण. पुढं गाडा हाय, हळू."

सुकलू त्याच रस्त्यावरच्या एका गोंड खेड्यातला. वाटेतला दगडन् दगड त्याच्या ओळखीचा. त्याने कधी कुणापाशी तोंड उघडलं नाही, की मुखरूकडे त्याबद्दल काही मागितलं नाही.

मनकर्णा मात्र मागे लागायची. "दुसरं काम पाहा ना जी. डेपोत माणसं पायजेच असतेत."

"डायवर हाय मी," मुखरू म्हणायचा. "लाकडं उचलू आता?"

बाजारातून जाताना लोक त्याला हाका मारून चहा पाजायचे. चांद्यात तेव्हा ट्रक चालवणारी माणसं थोडी होती. ते सोडून खांद्यावर ओंडके घ्यायचे, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं.

त्या हिवाळ्यात डेपोत माल उशिरा पोचतो म्हणून ठेकेदार चिडला. मुखरूने सगळं बत्त्यांवर ढकललं. ते अर्धं खरंही होतं. पुढच्या खेपेला ठेकेदाराने नागपूरहून दोन मोठ्या बत्त्या आणल्या, परातीसारख्या रुंद, आतून आरशासारख्या चकचकीत. इसरू मिस्त्रीने जुन्या बत्त्या काढल्या, लोखंडी पट्ट्या कापून नव्या बसवल्या, तारा ओढल्या. अंधारून आल्यावर त्याने ट्रक शहराच्या परकोटाकडे तोंड करून उभा केला आणि बटन दाबलं.

परकोटाचा दगड न् दगड उजळला. फटीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं, त्याची पानंसुद्धा मुखरूला दिसली. मग त्याने टॉवेलने डोळे पुसले.

"दोन गोष्टी ध्यानात ठेव," इसरू म्हणाला. "याले डीपर नाई. समोरून कोणी आलं त उजेड खाली पाडाचं बटन असते ना, ते मागवा लागीन. आन डायनमो कमजोर हाय. गाडी हळू केली का बत्त्या मंद होतीन."

"मांगव मंग कधी. त्या रस्त्यानं समोरून येते कोण? बैलगाडेच त येतेत."

"त्यायले डोळे नाई का?" इसरू हसत म्हणाला, आणि हात पुसायला गेला.

दोन दिवसांनी मुखरूने सुकलूला सांगितलं, "तू आता डेपोतच राहा. माल उतरवाले माणूस कमी पडून राह्यला. जंगलातले लोक भरून देतेत, मी आणतो एकटाच."

खरं कारण वेगळं होतं. इतके दिवस शेजारी बसून हा माणूस आपल्याला आंधळ्यासारखा हाताला धरून नेत होता, हे आता मुखरूला आठवायलाही नको होतं.

सुकलू म्हणाला, "बजाराच्या दिवशी गाड्याची लाइन असते भाऊ आमच्या गावाकडं. हा उजेड पाहून बैल बुजतीन."

"दिसते मले आता," मुखरू म्हणाला.

पोंभुर्ण्याच्या बाजाराच्या दिवशी तो लाकडं भरून एकटाच निघाला. जंगलात अंधार उतरायला लागला तशा त्याने बत्त्या लावल्या. वाटेत एक-दोन गाडे भेटले. गाडीवानांनी बैल रस्त्याखाली उतरवून धरले आणि ट्रक गेल्यावर मागून शिव्या घातल्या. मुखरूला त्या ऐकू आल्या नाहीत. तो खुशीत होता. इतक्या दिवसांनी रस्ता त्याचा त्याला दिसत होता.

पुढे नाल्यावर बिनकठड्याचा अरुंद पूल होता. त्याच्या तोंडाशी तो आला तेव्हा पलीकडून एक गाडा अर्ध्या पुलावर आलेला होता. बैलांचे डोळे हिरवे चमकले. गाडीवानाने उडी टाकली, कासरा मनगटाला गुंडाळला, एका हाताने स्वतःचे डोळे झाकले आणि दुसरा हात वर केला.

हात मुखरूला स्वच्छ दिसला. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला. इंजिन मंदावलं आणि त्यासरशी बत्त्या विझू घातल्यासारख्या पिवळ्या पडल्या. पूल गेला, गाडा गेला, माणूस गेला. समोर नुसतं काळं. गाडी उतारावर लाकडांच्या भाराने पुढे रेटत होती. एका हाताने भोंगा दाबत मुखरूने दुसऱ्या क्षणी पाय पुन्हा खाली दाबला, फक्त दिसावं म्हणून.

उजेड एकदम उसळला. बैलांनी माना फिरवल्या आणि जू, गाडा, कासरा धरलेला माणूस, सगळं घेऊन ते पुलाच्या कडेवरून खाली गेले.

ट्रक पूल ओलांडून थांबला. मुखरू खाली उतरला आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. खालून गाड्यातून पडलेल्या बाईचा आवाज येत होता. एक बैल हंबरत होता.

"या ना इकडं! उचला!"

"कुठी बाई? मले दिसत नाई."

"इथी! खाली!"

आवाजाच्या मागाने तो हातापायांवर नाल्यात उतरला. दगडांवर गुडघे सोलले. त्याच्या हाताला आधी चाक लागलं, मग एका माणसाचा दंड. बाईने आणि त्याने मिळून गाडा उचलायचा प्रयत्न केला. तो हलेना. मागून बाजाराचे दुसरे गाडे आले, लोक धावत खाली उतरले, तेव्हा कुठे माणूस मोकळा झाला. त्याची छाती दबली होती, श्वास चालू होता. कुणीतरी म्हणालं, "अरे, हा त लच्छू हाय."

लच्छू म्हणजे सुकलूचा मोठा भाऊ. मुखरू त्याच्या घरी एकदा जेवला होता. बाई म्हणजे त्याची बायको बुधरी. तिने त्याला तेव्हा वाढलं होतं.

लच्छूला ट्रकच्या पुढच्या भागात निजवलं. बुधरीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोंभुर्ण्यात डॉक्टर होता. मुखरूने त्याच बत्त्यांच्या उजेडात ट्रक पळवला. गाव यायच्या आतच लच्छूची घरघर थांबली. बुधरी रडली नाही. तिने नवऱ्याच्या कपाळावरची माती पदराने पुसली आणि पुढे रस्त्याकडे पाहत विचारलं,

"हात केलता त्यायनं. दिसला नाई का तुले, डायवरभाऊ?"

"दिसला," मुखरू म्हणाला.

पंचनाम्यात बैल बुजले असं लिहिलं गेलं. ठेकेदार म्हणाला, "तुझी काय चूक? तू तर भोंगा वाजवला." तेव्हा मुखरूने त्याला डोळ्यांचं सांगितलं. ठेकेदाराने चावीसाठी हात पुढे केला आणि हे कुठे बोलू नको म्हणून बजावलं. आठवड्याच्या आत दुसरा ड्रायव्हर आला. बत्त्या तशाच राहिल्या.

मुखरू ठाण्यातही गेला. जमादाराने ऐकून घेतलं. "कागद वर गेले," तो म्हणाला. "आता गाडी नको चालवू म्हणजे झालं." मुखरू थोडा वेळ उभा राहिला. कुणी आणखी काही विचारलं नाही.

सुकलू त्याला डेपोच्या फाटकात भेटला. मुखरूला वाटलं होतं तो मारेल. सुकलू जमिनीकडे पाहत म्हणाला, "दोन वर्ष मले ठाऊक होतं. कोणाले सांगतलं नाई. काऊन नाई सांगतलं मी? तुही रोटी जाईन म्हणून." मग त्याने मान वर केली. "माह्या भावाले आपण दोघायनं मारलं." तो निघाला आणि पुढे कोळशाच्या खाणीत कामाला लागला, असं कळलं. मुखरूशी तो पुन्हा बोलला नाही.

उन्हाळा लागल्यावर मुखरू मनकर्णाला घेऊन बुधरीच्या दारात गेला. गाड्याच्या बैलांपैकी एक नाल्यातच मेला होता. दुसरा लंगडत होता. "तुह्या वावरात काम करतो," तो म्हणाला. "मजुरी नोको."

बुधरी मोहाची फुलं वाळवत होती. तिने मान वर केली नाही. फुलं हाताने पसरत म्हणाली, "दिवस बुडाच्या आत जात जा."

चांदा लांब, म्हणून दोघांनी पोंभुर्ण्यात खोपट घेतलं. त्याने बांध घातले, कुदळीने जमीन खणली, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला चिखलात उभा राहिला. बुधरी पाण्याचा तुंबा बांधावर ठेवून निघून जायची, हातात कधी द्यायची नाही. गावातले लोकही त्याच्याशी बोलत नसत. धान बरं आलं. कापणी झाली, मळणी झाली, तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"पुढच्या साली येऊ नोको. माह्या बहिणीचा पोरगा बैल घेऊन येते म्हणते."

"मी आलो त काई बिघडते का?"

"तुले पाह्यलं का मले तो हात दिसते," बुधरी म्हणाली. "रोज दिसते. आता पुरे."

मुखरूने कुदळ तिच्या भिंतीला टेकवून ठेवली. मनकर्णा झाडाखाली वाट पाहत बसली होती. काय म्हणाली, तिने विचारलं. त्याने सांगितलं. मनकर्णा उठली, लुगड्यावरचा कोंडा झटकला, आणि ऊन आहे तोवर दोघं चालायला लागले.