चौदा पिल्ले, आठ सड

मार्चमधल्या त्या बुधवारी यार्मिला साडेपाचला उठली. तिने चुलीत दोन लाकडे सारली, चिकोरीच्या कॉफीचे भांडे वर चढवले आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीलगतच्या पलंगावर झोपलेल्या नवऱ्याच्या, व्रातिस्लावच्या, डाव्या पायाखालची उशी सारखी केली. मग त्याचाच कोट अंगावर घालून ती मागच्या अंगणात गेली. सशांचे अकरा पिंजरे, डावीकडून उजवीकडे; पाणी आधी, वाळले गवत मग, जव शेवटी. हा क्रम व्रातिस्लावचा. फेब्रुवारीत याच वाटेवर बर्फावरून घसरून त्याच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून हे काम तिच्याकडे आले होते. सूचना मात्र पलंगावरून येतच होत्या.

सातव्या पिंजऱ्यातली निळसर-राखाडी मादी रात्री व्याली होती. यार्मिलाने हात काखेत धरून गरम केले, लाकडी पेटीत मादीने अंगावरची उपटून अंथरलेली लव अलगद बाजूला केली आणि पिल्ले मोजली. चौदा. एक मेलेले होते; ते तिने कागदात गुंडाळले. उरलेल्या तेरांपैकी पाच जणांची पोटे ताज्या जर्दाळूसारखी टरटरून फुगलेली होती. तीन मध्यम होती. राहिलेली पाच कडेला ढकलली गेली होती. त्यांच्या उघड्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या आणि अंग गार लागत होते. त्यातले एक तिने तळहातावर घेतले. ऊब लागताच ते तोंड उघडून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी शोधू लागले. ते आजारी नव्हते. ते रांगेत मागे राहिले होते, एवढेच.

ती आत आली तेव्हा व्रातिस्लाव जागा होता.

“किती?”

“तेरा. चौदावं मेलेलं निघालं.”

“सड आठ.”

“मला मोजता येतं.”

“मग वजाबाकीही येत असेल. बारीक पाच काढ. जेवणाच्या आत उरक, उद्यावर ढकललंस की हात धजत नाही.”

“तुझा कधी अडलेला पाहिला नाही.”

चाळीस वर्षे हे काम तो स्वतः करत आला होता, शेडच्या मागे, पाण्याच्या बादलीत. अशा सकाळी यार्मिला रेडिओ मोठा लावत असे आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणीही कधी चकार शब्द काढला नव्हता. गावात सगळेच असे करत आणि त्याला निवडणे म्हणत, मसूर निवडावेत तसे. शरदात हेच ससे ती लसूण आणि मरव्यात भाजत असे आणि दुसऱ्यांदा वाढूनही घेत असे. तेव्हा कोवळ्या मनाचा दावा तिला करता येत नव्हता आणि तिने तो केलाही नाही. फक्त आज रेडिओ लावून भागणार नव्हते. आज शेडमागे तिलाच जायचे होते.

तिने कॉफी ओतली. “हुबालेकची पांढरी परवा व्याली. तीनच पिल्लं आहेत तिला.”

हुबालेक शेजारी होता आणि ससेपालक मंडळाचा परीक्षकही. तीन वर्षांपूर्वी अग्निशमन दलाच्या सभागृहातल्या प्रदर्शनात त्याने व्रातिस्लावच्या नराचा अर्धा गुण कापला होता. तेव्हापासून कुंपणावरचा रामराम बंद होता.

“अर्धा गुण, कानांच्या ठेवणीसाठी,” व्रातिस्लाव म्हणाला. “त्यानं स्वतःचे कान आरशात बघावेत.”

“पाच तिकडे नेऊन ठेवते.”

त्याने विचार केला. “ने. मरायचीच आहेत, तर त्याच्या पिंजऱ्यात मरू देत.”

“बारीक नाही नेणार. तगडी नेणार.”

व्रातिस्लावने उठायचा प्रयत्न केला. उठणे जमले नाही, ओरडणे जमले. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती माझी प्रदर्शनाची पिल्लं! हुबालेकच्या दुधावर वाढवतेस?”

“हुबालेकच्या नाही. त्याच्या मादीच्या.”

“जातिवंत पिल्लाला स्वतःची आई मिळायला हवी!”

“तगड्याला कुठंही सोड, तो सड शोधतो. बारकी परक्या आईजवळ तासभर टिकायची नाहीत. इथली गर्दी हटली तरच त्यांना दूध मिळेल.”

“आणि त्यानं परत दिली नाहीत तर? ज्याच्या हाती ससा तो पारधी.”

“पांढऱ्या पिल्लांत काळपट पाच. लपवेल कुठं?”

“मी नाही म्हटलं तर?”

“तर ऊठ आणि तू जा शेडमागे.”

हे तिने टोचायला म्हटले नव्हते. तो उठू शकला असता तर ती बाजूला झालीही असती. व्रातिस्लावने स्वतःच्या पायाकडे पाहिले.

“जगतील तरी का ती बारकी?” त्याने विचारले.

“सगळी नाही. एखाद-दुसरं जाईल. पण ते आपल्या मरणानं जाईल.”

तो खिडकीकडे वळला. “माझ्या नावानं त्याच्याकडे काही मागू नकोस.”

“नाही मागत.”

पाच तगडी पिल्ले लवेसकट एप्रनमध्ये घेऊन ती आलुबुखाराच्या झाडाखाली कुंपणाला असलेल्या फटीतून पलीकडे गेली. हुबालेक सपाता घालून पिंजरा खरवडत होता.

“शेजारीणबाई! त्यानं पाठवलं?”

“नाही.”

“मग काहीतरी शहाणपणाचं असणार.” त्याने एप्रनमध्ये डोकावले आणि भुवया उंचावल्या. “अहो, लोक माझ्याकडे मरतुकडी आणून टाकतात. ही तर निवडक आहेत.”

“मरतुकडी आईकडे ठेवली आहेत.”

हुबालेकने डोके खाजवले. “त्याला सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“तुमच्या कानांबद्दल बोलला.”

“म्हणजे तब्येत सुधारतेय.” त्याने पांढऱ्या मादीला बाहेर काढून गाजर दिले. यार्मिलाने तिच्या पेटीतली लव चिमटीत घेतली, एकेका पिल्लाला चोळली आणि पाचही जणांना त्या तिघांच्या खाली सरकवले. पंधरा मिनिटे दोघे थांबले. तेवढ्या वेळात सगळ्या पिल्लांचा वास एक होतो. मग हुबालेकने मादीला आत सोडले. तिने पेटी हुंगली, थांबली, पुन्हा हुंगली आणि पिल्लांवर अंग पसरून बसली.

“असू द्या,” हुबालेक म्हणाला. “महिन्याभरानं न्या.”

यार्मिला आपल्या अंगणात परतली. सातव्या पिंजऱ्यासमोर तिने खोके उपडे टाकले, त्यावर बसून निळ्या मादीला मांडीवर उताणे धरले आणि ती शांत होईपर्यंत तिच्या छातीवर हात ठेवला. मग पाच बारीक पिल्ले एकेक करून सडांना लावली. चार चिकटली. पाचव्याचे तोंड तिने करंगळीच्या नखाने उघडले आणि धरून ठेवले. मध्यम तीन पेटीत वळवळत होती. त्यांना तिने जरा थांबायला लावले.